करडा बगळा कुणी काढला

ओसाका, १८ मे २०२२

इवाकुरासान,

पत्राची सुरुवात हवापाण्याच्या दोन ओळींनी करावी, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी एकवीस वर्षांपूर्वी कंपनीत लागले तेव्हा आपले व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांच्या पत्रांना उत्तरं लिहायचं कामही चित्रकारांच्याच टेबलावर यायचं. आज त्या दोन ओळी सुचत नाहीयेत. तशीच सुरुवात करते.

तुम्ही गेलात त्याला चौदा महिने झाले. निरोपाला मी खाली आले नाही. मीटिंग होती असं सगळ्यांना सांगितलं, पण मीटिंग नव्हती. मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होते. तीस वर्षांच्या नोकरीचा एकच पुठ्ठ्याचा खोका तुमच्या हातात होता आणि बस येईपर्यंत तो तुम्ही एकदाही खाली ठेवला नाहीत.

त्या वर्षाबद्दल तुम्हाला सगळं ठाऊक आहे, फक्त माझ्या बाजूने ते कधी कुणी सांगितलं नाही. वरून ठरलं होतं: पन्नाशीच्या पुढचे सहा जण कमी करायचे, पण कुणाला काढलं असं दिसता कामा नये. ज्याने त्याने आपण होऊन राजीनामा द्यायचा. म्हणून तिसऱ्या मजल्यावर जिन्यामागे 'पुढची वाट विभाग' निघाला. सहा टेबलं, फोन नाही, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. काम एकच, दिवसभर स्वतःसाठी दुसरी नोकरी शोधायची. आणि भरती विभागाची प्रमुख मी, म्हणून त्या खोलीची चावी माझ्याकडे.

बाकीचे पाच जण तीन महिन्यांत गेले. तुम्ही मात्र रोज नऊला यायचात. रोज पाच वाजता स्वतःची माहिती नव्याने लिहून माझ्याकडे आणायचात आणि मी त्यावर लाल पेन्सिल चालवायचे. 'करडा बगळा या खेळातला बगळा मी काढला' असं तुम्ही लिहायचात. 'मी नको, आम्ही लिहा,' असं मी समासात लिहायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा 'मी' लिहून आणायचात. असं अकरा महिने चाललं. तुम्ही हट्टी होतात, इवाकुरासान. हट्ट नसता तर मलाही पुढचं काही करावं लागलं नसतं.

असो. जुनं उगाळायला पत्र लिहीत नाहीये. सोबत तुम्हाला आवडायच्या त्या दुकानातल्या तांदळाच्या वड्या पाठवल्या आहेत. नवा 'करडा बगळा' एप्रिलमध्ये बाजारात आला, तुमच्या कानावर आलंच असेल. लोकांना आवडलाय. मासिकवाले चौकशी करत फिरताहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या गावी, मात्सुएपर्यंत, आलंच, तर घाईने काही बोलू नका. तब्येतीला जपा.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
हिरोसे तामाकी


ओसाका, ९ जून २०२२

इवाकुरासान,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. 'बगळा पाहिला. पाय चांगला टाकतो.' एवढंच. मी ते दहा वेळा वाचलं. हे कौतुक आहे की आणखी काही, ते कळेना.

म्हणजे तुम्ही ओळखलंत. ओळखणारच होतात. तुमचा बगळा पाय उचलतो, पुढे नेतो आणि टेकवायच्या आधी एक क्षण तसाच धरून ठेवतो. पाण्याखाली काय आहे याचा अंदाज घेतल्यासारखा. पहिल्या खेळात तो थांबा होता आणि नव्यातही तो आहे. लोक लिहिताहेत, 'हा हात तोच आहे.' कोणाचा हात, हे मात्र कुणाला ठाऊक नाही. त्या काळी दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील या धास्तीने खेळाच्या शेवटी खरी नावं छापतच नसत. तुमचं नाव कुठेच नाही. हे किती सोयीचं आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तर खुलासा करते. मागच्या वर्षी जानेवारीत मी त्या खोलीत आले आणि म्हणाले, "इवाकुरासान, नवा बगळा होतोय. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी हाताने चित्र काढणारा एक माणूस हवाय. पण बाहेरच्यांसारखा रीतसर अर्ज करावा लागेल. चाचणी, मग मुलाखत."

तुम्ही उठून उभे राहिलात. "अगं हिरोसे, खरं सांगतेस?" म्हणालात.

चाचणीच्या कागदावर मी स्वतः लिहिलं होतं, की यातलं एकही चित्र खेळात वापरलं जाणार नाही. तुम्ही सहा आठवडे घरी बसून बगळ्याच्या हालचालीच्या दोनशे बारा चौकटी काढल्यात. चाचणीला बारा पुरल्या असत्या.

मग ती मुलाखत. समोर तीन पोरं, सगळ्यात मोठा सव्वीस वर्षांचा. त्यांतल्या नात्सुमेने तुमचा कागद उलटापालटा केला. "आजोबा, आधी कशावर काम केलंय?"

"करडा बगळा."

"अरे वा! आम्ही तो खेळतच मोठे झालो. त्यात तुमच्याकडे काय होतं?"

"बगळा," तुम्ही म्हणालात.

पोरांना वाटलं तुम्ही थट्टा करताय. तिघेही हसले. नात्सुमे म्हणाला, "आणि तळं कुणी काढलं, तुमच्या मिसेसनी?" मग तुम्हीही थोडं हसलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी एक वाक्य बोलले असते तर ती पोरं खुर्चीवरून उठून वाकली असती. मी समोरच्या कागदावर तारीख लिहीत होते.

जागा नव्हतीच, हे तुम्हाला नंतर कळलं असेल. दुसऱ्या दिवशी राजीनामा आणून दिलात. त्यात 'मी' होतं आणि मी ते खोडलं नाही.

पुढे कंपनीने त्या चौकटी वापरल्या. कंपनीने ठरवलं, माझा इलाज नव्हता. आता कंपनीच्या कायदा विभागाला तुमच्याकडून एक साधा कागद हवाय: 'नव्या खेळातल्या चित्रांशी माझा काही संबंध नाही.' सोबत जोडलाय. खाली सहीऐवजी तुमच्या नावाचा शिक्का मारून परत पाठवा, म्हणजे तुम्हालाही कुणाचा त्रास नको.

हिरोसे


ओसाका, २७ जून २०२२

इवाकुरासान,

कागद परत आला. शिक्का नाही, सोबत चिठ्ठीही नाही. उलट पाकिटावरची तिकिटं इतकी व्यवस्थित लावली होती की मला तुमचा रागच आला.

आज वेगळ्या विषयावर लिहिते.

यंदा नव्या पदवीधरांचे तीनशे चाळीस अर्ज आले आणि जागा पाच. मी फोटो बघत पानं उलटत होते आणि एका फोटोवर हात थांबला. कान तुमचे. मिनेगिशी काहो, क्योतोच्या कला महाविद्यालयातली. आडनाव आईचं. कंपनीच्या सहलीला तुम्ही तिला आणलं होतंत तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि माझ्या मांडीवर कलिंगड सांडून गेली होती. तिला मी आठवत नाही. अर्ज केल्याचं तुम्हाला सांगितलंय का तिने? मला नाही वाटत.

मुलाखत मीच घेतली. काळा सूट, केस ताणून बांधलेले, सगळ्यांसारखीच. विचारलं, "याच कामात का यायचंय?"

"करडा बगळा," ती म्हणाली. "सातवीत असताना त्याचा पाय वहीत काढत बसायचे. शंभरेक वेळा काढला असेल. जमला नाही. आता नवा आलाय तो पाहिला आणि रडले. ज्यांनी तो काढलाय त्यांच्या हाताखाली मला शिकायचंय."

"घरात कुणी चित्रकार?"

ती थांबली. पाय टेकवायच्या आधी थांबावं तशी. मग म्हणाली, "नाही. वडील कंपनीत होते. घरी फारसे नसायचे. मी दहा वर्षांची असताना वेगळे झाले."

"कुठल्या कंपनीत?"

"ते महत्त्वाचं नाही."

बोलण्यात कडवटपणा नव्हता, इवाकुरासान. पत्ता बदलल्याचं सांगावं तसं सांगितलं तिने.

पहिली फेरी ती पार झाली. शेवटची फेरी पुढच्या महिन्याच्या अखेरीस. शेवटच्या फेरीत मत चौघांचं असतं, पण यादी मी वाचते. नाव यादीतून गळणं किती सोपं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि आपली इंडस्ट्री लहान आहे. दुसऱ्या कंपनीतल्या भरतीवाल्या बाईचा फोन येतो, "ही मुलगी कशी वाटली गं?" आपण नुसतं "हं..." म्हटलं तरी पुरतं.

मी असं काही करीन असं म्हणत नाहीये. मुलगी हुशार आहे, मला आवडली. तो कागद पुन्हा पाठवतेय. वाटलं तर मी स्वतः येते न्यायला.

हिरोसे


ओसाका, १९ जुलै २०२२

इवाकुरासान,

काल परतीच्या गाडीत हे लिहायला घेतलं होतं, हात हलत होता म्हणून आज पुन्हा लिहितेय.

तुम्ही इतके बारीक झाला असाल असं वाटलं नव्हतं. तळ्याकाठच्या त्या शेडमध्ये तुम्ही रबरी बूट घालून शिंपल्या निवडत होतात. लहान एका टोपलीत, मोठ्या दुसऱ्या. मला बघून तुम्ही म्हणालात, "बस. एवढी टोपली संपवतो." मी बाकावर चाळीस मिनिटं बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "कोण हो ही, लेक का?" आणि तुम्ही म्हणालात, "नाही. माझ्या हाताखाली होती." होती म्हणालात तेव्हा आवाजात अभिमान होता. ते ऐकायला मी तयार नव्हते.

घरी शिंपल्यांचं सार आणि भात वाढलात. मी पिशवीतून कागद काढला तर तुम्ही तो चष्म्याशिवाय वाचलात.

"कायदा विभागाचा कागद आहे म्हणतेस," तुम्ही म्हणालात.

"हो."

"त्यांनी माझ्या नावाचं पहिलं अक्षर चुकीचं लिहिलंय. कंपनीत ते एकच माणूस चुकवायचं. पहिल्या दिवसापासून."

मी साराची वाटी खाली ठेवली.

"कंपनीला काही माहीतच नाही ना, हिरोसे?"

तेव्हा मी जे सांगितलं ते इथे पुन्हा लिहिते, कारण तिथे मी ते अर्धवटच सांगितलं. कंपनीने काही ठरवलं नाही. तुम्ही गेल्यावर त्या दोनशे बारा चौकटी माझ्या टेबलात होत्या. मला आठ वर्षांपूर्वी चित्रांवरून उचलून भरतीत टाकलं, 'तुमची हिरोसे माणसांशी छान बोलते' असं तुम्हाला सांगून. खरं कारण, माझा हात चालेनासा झाला होता. मी काढलेले चेहरे तुम्ही दुरुस्त करायचात ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तर मी त्या चौकटी संचालकांपुढे ठेवल्या आणि म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी काढत होते." ते बराच वेळ बघत राहिले. "हिरोसेसान, हे तुमच्यात होतं आणि आम्ही तुम्हाला माणसं हाकलायला बसवलं?" म्हणाले. नव्या खेळाची कलाप्रमुख मी झाले, भरतीही माझ्याकडेच राहिली. खेळाच्या शेवटी आता खरी नावं छापतात. बगळ्यापुढे माझं आहे.

तुम्ही ओरडाल अशी मी वाट पाहत होते. तुम्ही भाताचा शेवटचा घास खाल्लात आणि म्हणालात, "अगं, मागायचंस. मी दिल्या असत्या."

हे तुम्ही मला बोलायला नको होतं. दुसरं काहीही बोलला असतात तर चाललं असतं.

मग विचारलंत, "काहोचं काम कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणाले. "पण स्पर्धा फार. माझ्या शब्दावर आहे सगळं."

तुम्ही खणातून शिक्का काढलात, त्यावर फुंकर मारलीत आणि कागदावर तो इतका सरळ उमटवलात, तेवढा मला कधीच उमटवता आला नाही. दाराशी आलात तेव्हा एवढंच म्हणालात, "तिला यातलं काही कळू देऊ नकोस."

कळू देणार नाही.

हिरोसे


ओसाका, १ ऑक्टोबर २०२२

इवाकुरासान,

आज नेमणूकपत्रं दिली. काहो पाचांत आहे. एप्रिलच्या एक तारखेला रुजू होईल, माझ्याच विभागात.

एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर ती माझ्याच मनात राहील. पहिल्या फेरीत तीनशे चाळीसांत तिचा क्रमांक पहिला होता. शेवटच्या फेरीत ज्यांचं मत असतं त्या चौघांनीही तिची चित्रं आधीच पाहून स्वतंत्र कागदावर तिचं नाव सर्वांत वर लिहिलं होतं. मी मात्सुएला आले तेव्हा हे गुण माझ्या पिशवीत, त्या कागदाच्याच मागे होते. यादीतून तिचं नाव गाळलं असतं तर संचालकांनी मलाच जाब विचारला असता. माझ्या शब्दावर काहीच नव्हतं.

तुम्ही शिक्का मारला नसता तरी तिला नोकरी मिळाली असती.

मी का सांगतेय, ते मला नीट कळत नाही. तुम्ही 'मागायचंस' म्हणालात म्हणून असेल.

हिरोसे


ओसाका, २३ मे २०२३

इवाकुरासान,

पोस्टकार्ड येत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तुम्ही घेताय.

काहो रुळली. माझ्या डावीकडे बसते. डबा आणते, पण खायला विसरते. नात्सुमेने तिला पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "बाई, घरी जायचं असतं हो माणसाने." तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मला या पंखाचं उत्तर मिळालं नाहीये." तो आता तिला वचकून असतो. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे, पण हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तिच्याही नाही.

मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात ती तुमच्याकडे येऊन गेली, हे मला तिच्याकडूनच कळलं. काल जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "हिरोसेसान, एक सांगायचं होतं. मुलाखतीत मी लपवलं. माझे बाबा याच कंपनीत होते. इवाकुरा. तुम्ही ओळखत असाल."

"ओळखायचे," मी म्हणाले. "सज्जन माणूस."

"हो ना? सगळे तेवढंच म्हणतात." ती चमच्याने भात टोकरत राहिली. "मी त्यांना तेरा वर्षांनी भेटले. शिंपल्या निवडतात. मी नव्या बगळ्याच्या चौकटी घेऊन गेले होते, दाखवायला. एकेक करून बघितल्या त्यांनी. इतक्या सावकाश, की मला शंका आली. विचारलं, बाबा, हा तुम्ही काढलाय का? खरं सांगा."

मी चहाचा पेला उचलला होता तो तसाच हातात राहिला.

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, नाही गं, माझा हात इतका चांगला कधीच नव्हता. ज्यांनी काढलाय त्यांच्याजवळच बस, शिकशील. मग म्हटलं, जुना तरी? तर म्हणाले, तो सगळ्यांनी मिळून काढला होता. आम्ही." तिने डबा बाजूला सारला. "आणि हिरोसेसान, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. लहानपणी ते घरी नसायचे ते कशासाठी, या विचाराने मी झुरायचे. वाटायचं, निदान काहीतरी मोठं करत असतील. आता कळलं, काहीच नव्हतं. ते नुसतेच नव्हते. आणि मी जे शिकतेय ते त्यांच्याकडून आलेलं नाही. कुणाचे उपकार नाहीत. तुमच्याकडून आलंय."

असं म्हणून तिने माझ्यासमोर मान वाकवली.

मी म्हणाले, "थँक यू, काहोसान."

आता तुम्ही म्हणाल, हे लिहून कशाला पाठवतेस. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ही माझी सहा पत्रं तुमच्या घरात आहेत, माझ्या हातची, तारखेसकट. त्यांतलं कुठलंही एक मासिकाला पाठवलंत की मी संपले. हे लिहितानाही मला ठाऊक आहे आणि पहिल्या पत्राच्या वेळीही ठाऊक होतं. पण पत्र बाहेर आलं की सगळ्यांत आधी काहोला कळेल. आपल्या बापाला तिने जे नाकारलं ते त्याचंच होतं, आणि ज्या बाईपुढे वाकली ती कोण आहे. तिच्या हातून पुन्हा रेघ निघायची नाही. चित्रकाराचा हात असाच थांबतो, मी पाहिलंय.

तुम्ही ते होऊ देणार नाही. मी मात्सुएला आले त्या दिवशीच ते मला कळलं.

ऑफिसात मला रोज कुणी ना कुणी विचारतं, तो थांबा तुम्हाला सुचला कसा. मी काहीतरी सांगते. दिवसभर खोटं बोलून थकते, इवाकुरासान, आणि मग तुम्हाला खरं लिहायला बसते. जगात एकाच माणसाला मी ते लिहू शकते. तुमच्याइतकं सुरक्षित मला दुसरं कुणी मिळणार नाही.

हिरोसे तामाकी